बाबांची स्टिक शोधताना

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

"माझे बाबा १९७६ मध्ये मेकॅनिकलमध्ये एमएस करायला इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना-शँपेनला आले. पुण्यात लहानपणी क्लबातल्या मार्करने (गुण मोजणाऱ्या नोकराने) त्यांना बिलियर्ड्स शिकवलं होतं, इथे विद्यार्थी युनियनच्या तळघरात ते पूल खेळायला लागले. नोकरी लागल्यावर, १९७९ मध्ये, शिकागोकडच्या एका कारागिराकडून त्यांनी स्वतःसाठी स्टिक बनवून घेतली. २७५ डॉलर पडले. १९८२ मध्ये आजी अत्यवस्थ असल्याची तार आली. तिकिटाला पैसे कमी पडत होते म्हणून बाबांनी स्टिक शँपेनमधल्या एका पॉन शॉपमध्ये गहाण ठेवली. आजीची भेट झाली. सात आठवड्यांनी बाबा परत गेले तेव्हा मुदत उलटून गेली होती आणि स्टिक विकली गेली होती. वर्षअखेर ते कायमचे पुण्याला आले. आई गेल्यापासून ते तीन-चारदा म्हणाले, 'त्या स्टिकचं काय झालं असेल गं?' आता त्यांचा हात थोडा कापतो. पुढच्या वर्षी त्यांची पंच्याहत्तरी आहे. ती स्टिक शोधून, त्यांना न सांगता, त्यांच्या हातात ठेवायची आहे. कारागिराचं नाव मला ठाऊक आहे आणि एक धूसर फोटो आहे. सुरुवात कुठून करू? — एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी"

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी अडलो: "त्यांना न सांगता". हा बेत सोडून द्या. या स्टिकची सगळ्यात पक्की नोंद जगात एकाच जागी आहे, बाबांच्या डोक्यात आणि हातांत. तिलाच हात लावायचा नाही असं ठरवून शोधायला निघालात तर पहिल्या महिन्यातच वाट संपेल. आणि पंच्याहत्तरीपर्यंत आठवणी आहेत तशाच थांबतील असं धरून चालू नका. आज विचारा.

स्टिक सापडेल का? सापडू शकते. हॉलच्या भिंतीवरची साधी काठी वाकली की फेकली जाते. पण कोणी महिनोन्‌महिने राबून बनवलेली स्टिक माणसं सहसा टाकून देत नाहीत. ती विकली जाते, बापाकडून मुलाकडे जाते, कपाटात कोटांच्या मागे वीस वर्षं उभी राहते. आणि कधी ना कधी ती दुरुस्तीवाल्याच्या लेथवर येतेच, कारण टोकावरची कातडी टिप झिजते, तिच्याखालचं कडं, म्हणजे फेरूल, तडकतो, मुठीवरचा दोरा हाताच्या घामाने काळा पडतो. हा दुरुस्तीवाला लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे. न सापडण्याची शक्यता जास्त आहे हेही मनाशी बांधून ठेवा, म्हणजे वर्षभर शोधायला धीर राहील.

माझं सांगतो, कारण मी जे शिकलो ते तिथेच शिकलो. १९९६ च्या डिसेंबरात माझी स्टिक गाडीच्या डिकीतून चोरीला गेली. पोलिसांत तक्रार दिली. वर्णनाच्या रकान्यात लिहिलं: दोन तुकड्यांची, तपकिरी, काळ्या मुठीची. असं वर्णन या देशातल्या निम्म्या स्टिकना लागू पडलं असतं, आणि त्याचा काहीएक उपयोग झाला नाही. अकरा वर्षांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे मी दुसऱ्याच स्टिकची टिप बदलायला गेलो होतो. त्याच्या बाकावर एक स्टिक उघडून ठेवलेली होती. मुठीला कातडं होतं, माझ्या मुठीला दोरा होता. शाफ्ट, म्हणजे मुठीला जोडायचे पुढचे निमुळते भाग (एक वापरायचा, एक जादा), दोन्ही नवे. वरचं पॉलिश काढून नवं चढवलेलं, काचेसारखं. मी पुढे निघून गेलो असतो. पण मुठीच्या वरच्या भागात, एका पॉइंटच्या, म्हणजे लाकडात बसवलेल्या भाल्यासारख्या नक्षीच्या, टोकाला लागून, लाकडात तीन ठिपके होते. चुलीचे तीन दगड मांडावेत तसे.

ते लाकूड बर्ड्स-आय मेपल. या मेपलमध्ये पक्ष्याच्या डोळ्यासारखे बारीक भोवरे पडलेले असतात. ते का पडतात याचा पक्का उलगडा अजून कोणाला झालेला नाही, पण दोन तुकड्यांवर ते सारखे कधीच पडत नाहीत. ते तीन ठिपके मी प्रत्येक शॉटच्या आधी, टेबलावर वाकताना पाहत आलो होतो. कुठे लिहून ठेवले नव्हते. घरी जाऊन मुलीच्या वाढदिवसाचा जुना फोटो काढला. मागे भिंतीला माझी स्टिक टेकवलेली होती. भिंगाखाली तेच तीन दगड.

तेव्हा तुमचा तो धूसर फोटो. तो बहुतेक प्रिंट असेल. मूळ निगेटिव्ह किंवा स्लाइड शोधा. त्या काळचे आपले विद्यार्थी स्लाइड फार काढत, घरी पाठवायला आणि भिंतीवर दाखवायला. पुण्याच्या घरी माळ्यावर एखादा पत्र्याचा डबा नक्की असेल. पावसाळ्यांनी स्लाइडवर बुरशी आली असेल तर घरात कोणी कापडाने पुसायला जाऊ नका, त्याने फिल्मला चरे पडतात. चांगल्या स्टुडिओत द्या आणि ४००० डीपीआयला स्कॅन करून मागा. मोबाइलने काढलेला फोटोचा फोटो या कामाला चालत नाही. बाबांचे त्या वेळचे रूममेट अजून संपर्कात असतील तर त्यांनाही विचारा. त्यांच्या अल्बममध्ये बाबा नसतीलही, पण खोलीच्या कोपऱ्यात स्टिक उभी असेल.

आणखी एक जागा, जी बाहेरच्या कोणाला सुचणार नाही: निळी एरोग्राम. त्या सहा वर्षांत बाबांनी घरी पत्रं लिहिली असणार. आजीला स्टिकची किंमत कळवली असेल असं मला वाटत नाही, २७५ डॉलर ही तेव्हा घरी लपवण्यासारखीच रक्कम होती. पण एखाद्या काकाला किंवा मित्राला त्यांनी सगळं वर्णन करून लिहिलं असेल. नव्या वस्तूचा आनंद ताजा असताना लिहिलेली ओळ आजच्या आठवणीपेक्षा कितीतरी खरी. आजीची ट्रंक असेल तर ती उघडा.

आता बाबांना विचारायचं कसं. फोनवर नको, व्हिडिओवर बोला, आणि त्या वेळी घरातलं कोणीतरी त्यांच्याजवळ असू द्या. त्यांच्या हातात झाडूचा दांडा किंवा कुठलीही लांब काठी द्या. जेवणाच्या टेबलाशी उभं राहून शॉट मारायला वाकतात तसं वाकायला सांगा, झेपेल तेवढंच. मग विचारा, "बाबा, आता खाली काय दिसतं?" मागचा हात कुठे धरायचात, दोऱ्यावर की दोऱ्याच्या पुढे? दोरा हाताला कसा लागायचा? जोडताना किती फेरे घ्यायचे? हात कापत असला तरी जागा चुकणार नाही.

सुचवणारे प्रश्न विचारू नका. "हिरवी पट्टी होती ना बाबा?" म्हणालात की ते म्हणतील, "हो, हिरवीच", आणि त्या दिवसापासून ती हिरवीच होऊन बसेल. "काळ्या लाकडाला लागून कोणता रंग होता? त्याच्या बाहेर?" एवढंच विचारा आणि गप्प राहा. "आठवत नाही" हेही उत्तर तसंच लिहून घ्या.

त्यांचे शब्द मराठीत आहेत तसे लिहा, लगेच इंग्रजी करू नका. समजा ते म्हणाले, पॉइंट शिसवीचे होते. आपल्याकडे काळपट, जड, गुळगुळीत लाकूड दिसलं की आपण शिसवी म्हणतो. तीच स्टिक अमेरिकन विक्रेता 'एबनी' म्हणून विकत असेल किंवा 'ब्राझिलियन रोजवूड' म्हणून. तुम्ही 'इंडियन रोजवूड' एवढंच धरून बसलात तर समोर आलेली स्टिक हातची जाईल. 'स्टिक' या शब्दाचंही तसंच. इथले विक्रेते बहुतेक 'क्यू' म्हणतात. आणि पुण्याच्या क्लबातली स्नूकरची स्टिक त्यांच्या आठवणीत या स्टिकमध्ये मिसळली आहे का, तेही पाहा. बारीक टोक आणि त्याला पितळेची टोपी असं सांगू लागले तर ती पुण्याची. अमेरिकन पूलची स्टिक मेपलची, टोकाशी साधारण १३ मिलिमीटर जाड, टिपेखाली पांढरा फेरूल.

बाबा सांगतील त्यातलं काय आज टिकलं असेल आणि काय बदललं असेल, हे वेगळं काढायला हवं. शोध इथेच चुकतो. मुठीचा दोरा, बहुतेक आयरिश लिनन, बदललेला असणार. शाफ्ट तर मुठीपासून वेगळे होऊन भलत्याच घरी गेलेले असू शकतात, आणि जुने असले तरी वर्षानुवर्षं घासून बारीक झालेले असतील. वजनावर जाऊ नका. १९ औंस, म्हणजे साधारण ५४० ग्रॅम, हे वजन मुठीच्या तळातला एक बोल्ट बदलला की बदलतं. खालचा रबरी बंपर दहा-वीस डॉलरची वस्तू. आणि कारागिराची सही, ज्यावर सगळे भिस्त ठेवतात, ती शाईने लिहून वर लॅकर चढवलेली असेल तर पॉलिश खरवडताना पुसली गेलेली असू शकते. सही नाही म्हणून स्टिक बाजूला सारू नका.

टिकतात ते पॉइंट्स. मुठीच्या वरच्या मेपलमध्ये व्ही आकाराच्या लांब खाचा कापायच्या, त्यांत दुसऱ्या लाकडाच्या पाचरी सरसाने बसवायच्या आणि पाचरीच्या कडेने पातळ रंगीत व्हिनियरचे (लाकडाच्या पापुद्र्यांचे) थर द्यायचे. नंतर लेथवर गोल केलं की भाल्यासारखी टोकं उमटतात. बहुतेकदा चार. जुन्या हातकामात एखादं टोक केसभर मागे-पुढे राहतं, आणि ते कोणाला बदलता येत नाही, बदलायचं तर स्टिकच मोडावी लागेल. किती टोकं, किती थर, कोणत्या क्रमाने कोणते रंग, कोणतं टोक आखूड: एवढं मिळालं तर तुमच्या हातात ठसाच आला. फक्त चाळीस वर्षांचा रंग धरा. व्हिनियरचा रंग उडतो, हिरवा तपकिरीकडे झुकतो, आणि वरचं लॅकर पिवळं पडल्याने पांढरी पट्टी लोण्यासारखी दिसते.

जोडही टिकतो. तुम्ही लिहिलंत की बाबा मेकॅनिकलचे. मग त्यांना आट्यांबद्दल जरूर विचारा. मधला स्क्रू ५/१६ इंचाचा होता का, इंचाला १४ आटे की १८, की जाडजूड ३/८ चा, इंचाला १० आट्यांचा? जोडाची कड स्टीलची की पांढऱ्या प्लास्टिकची की हस्तिदंताची? दुसरं कोणी हे विसरलं असतं. मेकॅनिकलच्या माणसाने नव्या वस्तूचे आटे मोजले नसतील हे मला पटत नाही.

कारागिराच्या नावाबद्दल एक सावधगिरी. नाव हाच पुरावा मानू नका, ना असलेलं, ना नसलेलं. जॉर्ज बालाबुश्का या ब्रुकलिनच्या कारागिराचं उदाहरण घ्या. रशियात जन्मलेला, लाकूडकामातला माणूस, १९५९ मध्ये स्टिक बनवायला लागला आणि १९७५ मध्ये वारला. त्याची अस्सल स्टिक आज डॉलरच्या पाच आकड्यांत जाते. १९८६ च्या एका हॉलिवूड चित्रपटात त्याचं नाव सांगून एक स्टिक दाखवली आणि ते नाव घरोघर पोचलं. पडद्यावरची ती स्टिक मात्र जॉस या मेरीलँडच्या कारखान्याची होती. पुढे त्याच्या नावाने जपानमध्ये रीतसर परवान्याने स्टिक तयार झाल्या. आज लोक कपाटातून त्या जपानी स्टिक काढून बालाबुश्का सापडली म्हणून धावत येतात. उलटंही होतं. शिकागोचाच बर्टन स्पेन पॉइंट्स बसवलेले कच्चे भाग, ज्यांना ब्लँक म्हणतात, ते दुसऱ्या कारागिरांना विकत असे. बालाबुश्का आणि पेनसिल्व्हेनियाचा गस झाम्बोटी हे दोघेही त्याचे ब्लँक वापरत. तेव्हा शिकागोकडची सही नसलेली जुनी स्टिक आज तिसऱ्याच कारागिराच्या नावाने विकली जात असू शकते. शोधताना पॉइंट पाहा, पाटी नको.

मग विचारायचं कोणाला? पहिलं पत्र कारागिराच्या कुटुंबाला. त्याचं नाव तुम्ही मला कळवलं आहे, ते मी मुद्दाम छापलेलं नाही, त्याचं कारण पुढे येईल. एकट्याने काम करणारे हे लोक पुष्कळदा ऑर्डरची वही ठेवत: गिऱ्हाईक, लाकूड, रंग, वजन. वही मुलाकडे असेल, कार्यशाळा विकत घेणाऱ्याकडे असेल, नसेलही. कागदावर लिहा, फोटोची चांगली प्रिंट जोडा आणि आपला पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत ठेवा. वयस्क माणसांना पाकीट हातात आलं की उत्तर द्यावंसं वाटतं.

पॉन शॉपवर वेळ घालवू नका. दुकान अजून असलं तर एक फोन करा, पण १९८२ ची वही आज मिळेल या आशेवर राहू नका. बाबांनी गहाणाची चिठ्ठी जपली असेल तर मात्र ती पाहायला हवी. त्यावर वस्तूचं वर्णन असतं, आणि ते घेतलं तेव्हाचं असतं.

शँपेन-अर्बानावर भरपूर वेळ घाला. पॉन शॉपच्या काचेतली पूलची स्टिक वाटसरू घेत नाही, खेळाडू घेतो, आणि तो बहुधा त्याच गावातला किंवा आसपासचा असतो. १९८२ मध्ये तो पंचवीस-तिशीत असेल तर आज सत्तरीकडे आला असेल. तिथल्या हॉलमध्ये, बारमधल्या लीगमध्ये, आठवड्याला येणारी म्हातारी मंडळी असतातच. हॉलच्या मालकाला एवढंच विचारा: ऐंशीच्या दशकात या गावात स्टिक कोण दुरुस्त करायचं? ज्याचं नाव येईल तो तुमचा माणूस. दुरुस्तीवाल्याला गिऱ्हाइकाचं नाव आठवत नाही, स्टिक आठवते. माझ्या पेनसिल्व्हेनियाच्या माणसाला पंधरा वर्षांपूर्वी दोरा बदललेल्या स्टिकचा आखूड पॉइंट कोणत्या बाजूला होता, ते आठवत होतं.

तिथल्या 'न्यूज-गॅझेट' या वृत्तपत्रात छोटी जाहिरात द्या. विद्यापीठाच्या अभिलेखागारालाही पत्र लिहा. 'डेली इलिनी' हे विद्यार्थ्यांचं वृत्तपत्र आणि 'इलिओ' हे वार्षिक, दोन्हींचे जुने अंक पाहता येतात. बाबा युनियनच्या स्पर्धांत खेळले असतील तर एखादा फोटो छापून आलेला असू शकतो. टेबलावर वाकलेल्या खेळाडूच्या फोटोत चेहरा अर्धा असतो आणि स्टिक पूर्ण असते, तुम्हाला तेच हवं आहे.

या सगळ्यांना द्यायला एकच कागद तयार करा. वर फोटो, खाली ठळक खुणा, साल आणि गाव. त्यात हे वाक्य जरूर असू द्या की आजारी आईला भेटायचं तिकीट काढण्यासाठी ही स्टिक गहाण पडली आणि आईची भेट झाली. खरं आहे म्हणून लिहा, आणि ते वाचून माणूस घरी जाऊन कपाट उघडतो म्हणूनही लिहा.

पण सगळ्या खुणा त्या कागदावर नकोत. दोन पोटात ठेवा. कोणता पॉइंट आखूड, आट्यांची संख्या, कारागिराचं नाव, यांतल्या कुठल्याही दोन. 'माझ्याकडे आहे, आधी दोनशे डॉलर पाठवा' म्हणणारे भेटणारच, आणि बाबांसाठी जीव तुटत असताना तसा निरोप आला की माणूस पैसे पाठवून बसतो. जो कोणी आहे म्हणेल त्याला विचारा, जोड उघडून स्क्रूचा फोटो पाठवाल का, चारही पॉइंटची टोकं वेगवेगळी दाखवाल का, आजच्या वर्तमानपत्रावर ठेवून? खरा मालक पाच मिनिटांत पाठवतो. पैसे स्टिक हातात आल्यावर, त्याआधी एक डॉलरही नाही.

सापडली तर ती तुमची नाही, हेही आताच मनाशी पक्कं करा. माझी स्टिक चोरीची होती, चोराकडून कोणीही घेतली तरी मालकी माझीच राहिली, आणि माझ्याकडे तक्रारीची प्रत होती. बाबांची गोष्ट निराळी आहे. मुदत उलटल्यावर दुकानाने ती विकली आणि घेणाऱ्याने पैसे मोजून घेतली. त्याचा किंवा त्याच्या मुलांचा त्यात काही दोष नाही. पत्रात 'आमची स्टिक' असं लिहू नका, 'माझ्या वडिलांकडे एकेकाळी असलेली' असं लिहा. किंमत किती द्यायची त्याची कमाल मर्यादा पाहायला जाण्याआधी घरी ठरवा, कारण समोर स्टिक आल्यावर ती ठरत नाही. किमतीचा अंदाज हवा असेल तर या व्यवसायात सगळे पाहत आले ते 'ब्लू बुक ऑफ पूल क्यूज' चाळा आणि अमेरिकन क्यूमेकर्स असोसिएशनच्या एखाद्या सभासदाला दाखवा.

एक अडचण खास तुमची आहे आणि ती गंभीर आहे. त्या काळच्या चांगल्या स्टिकमध्ये फेरूल, जोडाची कड, मुठीतली नक्षी हस्तिदंताची असणं अगदी सर्रास होतं. तुम्ही न्यू जर्सीत राहता. तिथे २०१४ च्या कायद्याने हस्तिदंताची विक्री आणि खरेदी दोन्ही बंद आहेत. देशभरासाठी २०१६ पासून कडक केंद्रीय नियम आहेत, आणि भारतात हस्तिदंताचा व्यापार बंद आहे. सरहद्द ओलांडायची तर परवान्यांचा प्रश्न वेगळाच. ब्राझिलियन रोजवूडवरही १९९२ पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. भेट म्हणून बॅगेत घालून पुण्याला न्यायची, असं मनात धरू नका. बाबांना पहिल्याच दिवशी विचारा की पांढरं काय होतं आणि ते कशाचं होतं. हस्तिदंत म्हणाले तर व्यवहाराआधी वकिलाला भेटा.

आता ज्यासाठी मी सरप्राईज नको म्हणालो, त्याचं दुसरं कारण. माझी स्टिक ज्याच्याकडे होती तो शाळेत शिकवणारा, साधा माणूस. त्याने ती चारशे डॉलरला घेतली होती, तेवढे मी त्याला दिले. मागितले नव्हते, पण तोही फसला होता. घरी आणली, जोडली, वाकलो, आणि हाताला ओळख पटेना. मूठ माझी, शाफ्ट परके. आवाज वेगळा. पुढचे काही महिने मी ती नुसती भिंतीला लावून ठेवली होती. नंतर पटली ओळख, पण मला तेव्हा खेळायला हात होते. बाबांच्या हातात पाहुण्यांसमोर, केक कापल्यावर, अचानक एक चकचकीत, कातडी मुठीची स्टिक दिली आणि ती त्यांना परकी वाटली तर त्यांना तिथे, सगळ्यांदेखत, आनंद दाखवावा लागेल. त्यांच्यावर ती वेळ आणू नका.

म्हणून त्यांना सरळ विचारा, नक्की काय हवं आहे. 'त्या स्टिकचं काय झालं असेल' हा त्यांचा प्रश्न आहे. 'मला ती हवी' असं ते म्हणालेले नाहीत, निदान तुमच्या पत्रात तरी नाही. कदाचित ती कोणाकडे आहे, तो माणूस तिने खेळतो का, एवढं कळलं तरी त्यांना पुरेल. तसं असेल तर कायद्याची अडचण सुटते, किमतीची सुटते, आणि मालकाला व्हिडिओवर बोलवून एक फ्रेम खेळायला सांगणं एवढंच काम उरतं. हवीच म्हणाले तर आपण पुढचं पाहू.

दरवर्षी वसंतात सुपर बिलियर्ड्स एक्स्पो भरतो, अनेक वर्षं तो फिलाडेल्फियाजवळ ओक्स गावी भरत असे. जुन्या स्टिकचे विक्रेते, संग्राहक आणि दुरुस्तीवाले तिथे टेबलं मांडून बसतात, आणि मी अनेक वर्षं जातो आहे. बाबांशी बोलणं झालं, स्लाइड मिळाली, की तुमचा तो एक कागद या सदराच्या पत्त्यावर पाठवा. पन्नास प्रती करून बरोबर नेईन. तुम्हीही या, आणि बाबांना त्या वेळी फोनवर ठेवा. पुण्यात रात्र असेल, पण ते जागे राहतील.